पांढरी सहाच्या जरा खाली

हडर्सफील्डच्या शाळेत, तिसऱ्या तासाला
तेरा कॉम्प्युटर, सत्तावीस मुलं.
एका हेडफोनचे दोन कान दोघांत वाटलेले,
कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी तिघं,
तिसऱ्याने नुसतं बघायचं.
पडद्यावर पाच रेघा.

आमची इंग्रजीची वही चाररेघी होती.
पोटं कुठे, शेपट्या कुठे, सगळं ठरलेलं,
जी खाली लोंबला नाही तर पट्टी.
मी पट्टी न उगारता सांगते:
हा ठिपका धरा माउसने. वर न्या. ऐका.

सुमैया आवाजाचं बटण फिरवते
आणि म्हणते, नेला की वर!
तिचं तरी काय चुकलं?
आवाज चढवू नकोस असं मलाही घरी सांगायचे,
तेव्हा कोणी सप्तक मोजत नव्हतं.
मग मी खिडकीबाहेर बोट दाखवते.
त्या चढावरून बस येते ना,
गिअर पडेपर्यंत तिचं कण्हणं बारीक बारीक होत जातं,
ते वर.
सगळे पुढच्या बसची वाट बघत बसतात.
बस येत नाही.
पाच मिनिटं गेली.

बासरीला झेपणार नाही इतका ठिपका खाली ओढला
की तो लाल होतो.
केझाया मुद्दाम ओढते, ओळच्या ओळ लाल करते,
मिस, माझ्या गाण्याला गोवर आलाय.

आणि रीस.
नाताळपासून त्याचा आवाज फुटतोय.
सप्टेंबरात कॉयरच्या वरच्या ओळीत होता,
आता तोंड उघडत नाही, फक्त क्लिक करतो.
आज मात्र हात वर करून विचारतो,
मिस, हा सूर कुठाय?
आणि शिट्टी वाजवतो, छोटी, घसरती.
आजोबा कबुतरांना बोलवतात ती.
बोलवायचे.
फेब्रुवारीत खुराडं विकलं त्यांनी, पक्ष्यांसकट.

मी मनातल्या मनात पेटी उघडते.
पांढरी सहा.
नाही, तिच्या जरा खाली,
आणि तिथून उतरत पांढरी चारच्या अलीकडे कुठेतरी.
रीस ठिपका वर नेतो, टच्च.
खाली आणतो, टच्च.
मधे तो थांबतच नाही,
लोहचुंबक लावल्यासारखा रेघेला चिकटतो, नाहीतर घराला.
मग रीस बारके बारके सोळा ठिपके मांडतो उतरणीला
आणि वाजवून बघतो.
कोणीतरी ट्रंक घेऊन जिना उतरतंय.
मी त्याला दोन सुरांना बांधणारी तिरकी रेघ शिकवते.
तोच जिना, फक्त घाईत.

इस्लामपूरच्या कुमुदताईंनी
एका गंधारावर मला अख्खी मे महिन्याची सुट्टी बसवलं होतं.
अजून केसभर खाली, म्हणायच्या,
भाजी निवडत, माझ्याकडे न बघता.
हा केस कुठल्या मेनूत शोधू?
आहे म्हणे, पाव सुरांची खूण, उलटा फ्लॅट,
पण शाळेने घेतलंय ते स्वस्तातलं लायसन्स.

तक्त्यात माझ्यापुढे दोनच चौकोन:
विद्यार्थ्याला सूर ओळखता येतो, येत नाही.
मी रीसच्या नावापुढे पेन्सिल टेकवून ठेवते.

त्याने सगळे ठिपके पुसलेत.
चार मात्रांचे चार रिकामे खण,
तिसऱ्यावर त्याने टाइप केलंय: इथे शिट्टी.
हेडफोन काढून तो प्ले दाबतो.
हिरवी दांडी रिकाम्या रेघांवरून चालू लागते,
पहिला खण, दुसरा,
आणि रीस शिट्टी वाजवतो,
थोडी आधीच, घाईने, ओठ कोरडे.

केझाया वळून छपराकडे बघते.
छपरावर काही नाही.
खाली चढाला बस लागलीये.
सुमैया हळूच म्हणते, वर.